बाबांचा पाय

लायब्ररीत लेखनाचा वर्ग घेणाऱ्या रीमाने व्हॅनच्या काचेवर टकटक केली तेव्हा मी सीट मागे पाडून डुलकी काढत होतो. मांडीवर चिप्सचा कागद, रेडिओवर रग्बीची मॅच. काच खाली केली.

"सहा शनिवार झाले," ती म्हणाली. "दर शनिवारी दोन तास इथे गाडीत बसतोस. आत ये की! निदान चहा घे. बिस्किटं मी स्वतः आणते, लायब्ररीची नाहीत."

"नको."

"का? लिहायला लावीन म्हणून घाबरतोस?"

"आत माझी बहीण आहे."

"म्हणूनच तर म्हणतेय."

आता हिला काय सांगावं? आम्हा टोंगा बेटांवरच्या लोकांत वयात आलेले भाऊबहीण एका खोलीत बसून साधा सिनेमा बघत नाहीत. बहिणीसमोर मी शिवी देत नाही, थट्टा करत नाही, तिच्या खोलीत पाऊल टाकत नाही. गाडीत ती मागच्या सीटवर बसते. आणि जिथे ती मनातलं बोलणार तिथे तर मी असताच कामा नये. हे भांडण नाही, मान आहे. जमेल तसं मी रीमाला हे सांगितलं.

तिने कपाळाला हात लावला. "आणि माझा भाऊ दर रविवारी येऊन माझा फ्रीज रिकामा करून जातो! त्याला टोंगाला पाठवून देऊ का?"

"पाठव. आमच्या आत्याच्या हाती लागला की सरळ होईल."

ती हसत आत गेली आणि परत आली ती वही-पेन घेऊन. "वर्ग पंधरा ते पंचवीस वयाच्या मुलांसाठी आहे. तू चोवीसचा. तुझी बहीण आत लिहील, तू गाडीत लिही. नियम दोघांचेही पाळले जातील."

वही मी काचेसमोर टाकून दिली. पहिल्या पानावर टायरमधल्या हवेचे आकडे लिहिले, बस.

आमच्या माउंट ड्रुइट उपनगरातल्या त्या लायब्ररीची समोरची भिंत सगळी काचेची आहे. पार्किंगमधून आतली मुलं दिसायची. एक उंच सुदानी पोरगा वाचताना वही तोंडासमोर धरायचा, म्हणजे कोणाला तोंड दिसू नये. एक फिलिपिनो मुलगी दर दोन ओळींनी हसायची. आणि लुसेआने, माझी बहीण, सतरा वर्षांची. ताठ बसून, मान खाली घालून लिहायची, दोन तासांत एकदाही वर बघायची नाही. घरी ही मुलगी दिवसाला दहा वाक्यं बोलते, त्यातली चार भांडी घासण्याबद्दल. इथे वह्या भरत होती. मला वाटायचं शाळेबिळेबद्दल लिहीत असेल. अभिमान वाटायचा. कामावर सगळ्यांना सांगून झालं होतं की आमच्या घरात लेखिका आहे.

मी कोंबड्यांच्या कारखान्यात शीतगृहात फोर्कलिफ्ट चालवतो. बाबाही तिथेच होते, पण धुण्याच्या बाजूला, दिवसभर गमबूट घालून पाण्यात. चार वर्षांपूर्वी तिथेच कोसळले आणि हॉस्पिटलपर्यंतही पोचले नाहीत. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. साखर होतीच. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. महिन्याभरात त्यांच्याच कारखान्यात कायमचा झालो आणि घर माझ्यावर आलं. त्यात मोठं काही नाही, माझं नाव फेआओ, आणि आमच्याकडे प्रत्येक घरात असा एक फेआओ असतो.

वही मिळाल्यानंतर तिसऱ्या की चौथ्या शनिवारी कंटाळा येऊन वहीत खरंच काहीतरी लिहिलं. शीतगृहात शिरताना नाकातले केस कसे गोठतात, खोक्यांवरचा बर्फ, असलं. रीमाने ते पार्किंगमध्ये उभ्याउभ्याच वाचलं.

"तीन पानं," ती म्हणाली. "कोंबड्या आहेत, खोकी आहेत, बर्फ आहे. तू कुठे आहेस?"

"मी फोर्कलिफ्टवर."

"ते कळलं. पण दिसत नाहीस."

मला राग आला. म्हटलं, फुकटची बिस्किटं खाणाऱ्यांना सांग हे.

सत्राच्या शेवटी जाहीर वाचन होतं. आई, वडील, शेजारी, सगळ्यांना बोलावणं. मुलांनी स्वतः रंगवून पोस्टर केलं, त्यावर प्रत्येकाचं नाव आणि लेखाचं नाव. आमच्या चर्चमधल्या एका बाईने फोनवर त्याचा फोटो काढला आणि रविवारची प्रार्थना संपायच्या आत तो तेलेसिया आत्यापर्यंत पोचला होता. पोस्टरवर लिहिलं होतं: लुसेआने, 'बाबांचा पाय'.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आमच्यात बापाच्या बहिणीच्या वर कोणी नाही. बारशाला नाव ती ठेवणार, लग्नात पहिला मान तिचा, माणूस गेला की त्याच्या उशाशी ती बसणार. तिने 'नाही' म्हटलं की पाद्रीसुद्धा विषय बदलतो. आई तिची भावजय. ती आत्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसते, कधीही उठून जायला सांगितलं जाईल अशी.

रविवारी जेवणानंतर आत्याने मला बोलावलं. स्वयंपाकघरात टेबलावर नारळाच्या दुधातली अळूची पानं आणि उकडलेला कसावा कंद झाकून ठेवलेला. मला वाढलं नाही, तेव्हाच समजलं की प्रकरण गंभीर आहे.

"पोरीला लायब्ररीत पाठवलंस ते शिकायला, की घरची लक्तरं वेशीवर टांगायला?"

"काय झालं, आत्या?"

"काय झालं म्हणे! तू दर शनिवारी नेतोस, आणतोस, आणि तुला माहीत नाही ती काय लिहिते?"

"मला कसं माहीत असेल? मी भाऊ आहे."

ते आत्याला पटलं. मग तिने सांगितलं. प्रार्थना संपताच लुसेआनेला बसवून तिच्याकडून सगळं वाचून घेतलं होतं.

बाबांच्या तळव्याला जखम होती. गमबुटात भिजून भिजून वाढलेली. सात महिने. त्या वेळी आई टोंगात होती, तिच्या आजारी आईपाशी. कामावर कळलं तर काढून टाकतील म्हणून बाबांनी कोणाला सांगितलं नाही. फक्त लुसेआनेला. तेरा वर्षांची होती ती. रोज संध्याकाळी घमेल्यात कोमट पाणी घ्यायची, जखम धुवायची, पट्टी बांधायची. कोणाला सांगणार नाहीस म्हणून बाबांनी तिच्याकडून बायबलवर हात ठेवून वचन घेतलं होतं. आणि तिने ते पाळलं, ते गेल्यावरही.

 मला वास आठवला.

त्या वर्षी आमच्या घरात एक वास येत होता. मला वाटलं फरशीखाली उंदीर मेलाय. आमची घरं खांबांवर उभी, खाली माणूस सरपटत जाऊ शकतो. एका संध्याकाळी मी बॅटरी घेऊन घराखाली शिरलो, तासभर कोपरे धुंडाळले, कोळिष्टकं तोंडात गेली. उंदीर सापडला नाही. दुसऱ्या दिवशी दुकानातून सुगंधी फवारा आणला आणि घरभर मारला. बाबा म्हणाले, छान वास आहे.

"तीन दिवस मी त्याच्या उशाशी बसले," आत्या म्हणत होती. "येईल त्याला सांगितलं, हृदय. त्याच्या पायात मोजे होते. नवीन मोजे. मीच पाठवले होते. आणि आता ही पोर माईकवरून जगाला सांगणार की माझ्या भावाचा, मैकोलोचा, पाय सडला होता आणि बहिणीला पत्ता नव्हता?" तिचा आवाज फुटला आणि तिला स्वतःचाच राग आला. "तू घरातला कर्ता. थांबव तिला."

"हो, आत्या," मी म्हणालो.

दुसरं काय म्हणणार? चोवीस वर्षांत मी तिला दुसरं काही म्हटलेलंच नव्हतं. मग तिने वाढलं आणि मी जेवलोसुद्धा. त्याची मला अजून लाज वाटते.

आठवडाभर मी लुसेआनेला काही बोललो नाही. बोलणार कसं? ती काय लिहिते हे मला माहीत असणंच चूक होतं. आणि ज्याने चार वर्षांपूर्वी नाकाने ओळखायचं ते ओळखलं नाही, त्याने आता तोंड वर करून तिला गप्प राहा म्हणायचं? गुरुवारी मधल्या सुट्टीत, हातमोजे काढून, खोक्यावर बसून मी ते उंदराचं लिहिलं. दीड पान. यात कोंबड्या नव्हत्या. बोटं आखडली तरी थांबलो नाही.

शनिवारी ते पान मी रीमाच्या हातात दिलं. "हे लुसेआनेला दे. मी समोर नसताना वाचू दे."

रीमाने ते उघडलं नाही. नुसती मान हलवली आणि आत गेली. त्या दिवशी पहिल्यांदाच तिने माझी थट्टा केली नाही.

परतताना लुसेआने नेहमीसारखी मागे बसली. दोन सिग्नल गेले. मग मागून आवाज आला.

"दादा, तुम्ही घराखाली होतात तेव्हा आम्ही वरच होतो. बाबांचा पाय माझ्या मांडीवर होता. तुम्ही खालून आपटत होतात, शिंकत होतात. बाबांना हसू आवरेना. उशी तोंडावर धरून हसत होते."

मी आरशात बघितलं नाही. रस्ता बघत राहिलो. बाबा हसत होते हे ऐकून मला बरंही वाटलं आणि गाडी कडेला लावून रडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही.

"मी कोणाला तरी सांगितलं असतं तर," ती म्हणाली. "हे रोज मनात येतं. रोज. वर्गात पहिल्यांदा ते कागदावर आलं. तिथे कोणी मला ओळखत नव्हतं म्हणून आलं. पण आता मला ओळखणाऱ्यांसमोर म्हणायचंय. सगळ्यांसमोर. नाहीतर ते माझ्यातच राहील."

"आत्याने नाही म्हटलंय."

"माहीत आहे. तुम्ही थांबवलंत तर मी थांबेन. उलटून बोलणार नाही. पण मग वही परत उघडणार नाही. ते मला जमणार नाही, दादा."

तिने धमकी दिली नव्हती. खरं तेच सांगितलं होतं. अशी माणसं फार अवघड असतात, त्यांच्याशी भांडताही येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी न बोलावता आत्याकडे गेलो. कमरेला चटई गुंडाळून गेलो, आम्ही मोठ्या माणसांपुढे किंवा मयताला जाताना गुंडाळतो तशी. आत्याने दार उघडलं, चटई बघितली आणि ओळखलं की काम साधं नाही.

"कोण मेलं?"

"कोणी नाही. बोलायचंय."

"बोल."

मी रात्रभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. मग जे तोंडाला आलं तेच बोललो.

"आत्या, मी तिला थांबवणार नाही."

 बाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं मशीन चालू होतं.

"बाबांच्या उशाशी तुम्ही बसलात. उद्या मी गेलो तर माझ्या उशाशी लुसेआने बसणार. माझ्या पोरांना नाव ती ठेवणार. माझ्या घरात शेवटचा शब्द तिचा. आज मीच तिचं तोंड बंद केलं, तर उद्या ती कुठल्या तोंडाने माझ्यासाठी बोलेल?"

"शब्द शिकलास लायब्ररीत."

"पार्किंगमध्ये शिकलो."

तिला हसू आलं असेल, पण तिने ते दाबलं. "आणि मी? मला लोक काय म्हणतील? सख्खी बहीण, आणि तिला तो काही बोलला नाही!"

"बोलले नाहीत कारण तुम्ही बहीण होतात. भाऊ आपल्या अंगाचं दुखणं बहिणीला सांगत नाही. तुम्हीच शिकवलंत ते आम्हाला. मी मान देतो म्हणून गाडीत बसतो, आत्या, आणि यापुढेही बसेन. तिचं एक अक्षर ऐकणार नाही. पण माझा पाय दुखला तर मी तिला सांगणार आहे. आधी तिलाच सांगणार."

आत्याने खिडकीकडे तोंड केलं. तिची पाठ मोठी, बाबांसारखी. 

"मोजे काढून बघायला हवे होते मी," ती शेवटी म्हणाली. मला नाही, खिडकीला. मग वळली. "जा आता. भावजयीला सांग, मी तिच्यावर रागावलेली नाही."

वाचनाबद्दल ती ना हो म्हणाली, ना नको. घरी येऊन आईला निरोप दिला. आई कपडे घडी करत होती. तिने हातातला टॉवेल परत उलगडला, परत त्याची घडी घातली. "लुसेआनेचा पांढरा ड्रेस इस्त्री करून ठेवते," ती म्हणाली. चार वर्षांत आईने आत्याला न विचारता ठरवलेली ती पहिली गोष्ट असावी.

शनिवारी लायब्ररीच्या दालनात खुर्च्या मांडलेल्या. सुदानी पोराचं सगळं घर आलं होतं, फिलिपिनो मुलीच्या मावश्या डबे घेऊन. आमच्या चर्चची तीसेक माणसं. उत्सुकता म्हणा, भोचकपणा म्हणा, आमची माणसं कुठलाही समारंभ चुकवत नाहीत. मी व्हॅन काचेसमोर लावली. लुसेआने उतरली. पांढऱ्या ड्रेसवर तिनेही चटई बांधली होती. जाताना दाराशी थांबली.

"काचा लावून घ्या, दादा. माईकचा आवाज बाहेर येईल."

"लावतो. रेडिओही लावतो."

"मोठा लावा."

लावला. पॅरामॅटा संघाचा रग्बी सामना होता. मी आत बघत राहिलो. सुदानी पोराने वाचलं, या वेळी वही छातीशी धरून, तोंड सगळ्यांना दिसत होतं. त्याची आई मध्येच उभी राहून काहीतरी ओरडली आणि लोक हसले. मग आणखी दोघं. आत्याचा पत्ता नव्हता. पहिल्या रांगेत मधली खुर्ची आमच्या लोकांनी तिच्यासाठी रिकामी ठेवली होती, आणि त्या रिकाम्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंना बायका एकमेकींच्या कानाला लागल्या होत्या.

रीमाने माईकवर लुसेआनेचं नाव घेतलं, तेवढ्यात दार उघडून आत्या आत आली. काळा पोशाख, कमरेला जुनी बारीक विणीची चटई. तिच्या आईची, मोठ्या प्रसंगाशिवाय ती बाहेर काढत नाही. कोणाकडे न बघता ती खुर्चीवर जाऊन बसली.  म्हटलं, ही आता सगळ्यांसमोर थांबवणार.

लुसेआने उभी राहिली.  तिने एकदा आत्याकडे बघितलं. आणि वाचायला लागली. तिचे ओठ हलत होते आणि माझ्या कानात समालोचक कोणा खेळाडूच्या खांद्याबद्दल बोलत होता.

एक पान संपलं. तिने ते खाली ठेवलं, दुसरं घेतलं. आईने डोळे मिटले होते. दुसऱ्या पानाच्या मध्यावर आत्या उठली.

मी व्हॅनच्या दाराच्या कडीला हात घातला. ती निघून जाणार. एक पिढी झाली तरी लोक विसरणार नाहीत.

आत्या दोन पावलं पुढे गेली, गुडघ्यावर हात टेकला, आणि तो एवढा मोठा देह हळूहळू खाली नेत लुसेआनेच्या समोर जमिनीवर बसली. पाय दुमडून, मान खाली घालून.

लुसेआने थांबली. आत्याने हाताने खूण केली: वाच.

आमच्यात आत्यापेक्षा उंच कोणी बसत नाही. ती खाली, म्हणजे सगळे खाली. आई आधी उतरली. मग तिच्या शेजारची, मग मागची रांग. म्हातारे पाद्री, त्यांची बायको, फोटो काढणारी ती बाई. खुर्च्या सरकत होत्या आणि माणसं एकेक करून गालिच्यावर बसत होती. सुदानी पोराच्या आईने इकडेतिकडे बघितलं आणि तीही बसली, तिच्या मागे तिची पोरं. रीमा भिंतीपाशी उभी होती. तिला काहीच कळत नव्हतं. मग तीही भिंतीला पाठ लावून खाली बसली. सगळ्या दालनात एकटी लुसेआने उभी होती आणि वाचत होती.

मी व्हॅनमध्ये होतो, सगळ्यांपेक्षा उंच. दार उघडून खाली उतरलो. रेडिओ तसाच मोठा ठेवला. मागच्या चाकाला टेकून डांबरावर बसलो. तिथून आतलं काहीच दिसत नव्हतं, नुसता समोरच्या गाडीचा बंपर. सामन्याचा पूर्वार्ध संपून जाहिराती लागल्या. मी बसून राहिलो.